चोखामेळ्याची आख्यायिका आणि समीक्षेच्या दोन पळवाटा

मराठी संतसाहित्याच्या चर्चेत चोखामेळ्याचे नाव निघाले की दोनपैकी एक विधान केले जाणार, हे आता जवळजवळ ठरून गेले आहे. पहिले विधान असे की, वारकरी पंथाने महार कुळातल्या माणसाला संतपद दिले, त्याची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर बांधली, देवाला त्याच्या घरी जेवायला बसविले. यापरते समतेचे प्रमाण ते कोणते? दुसरे विधान असे की, चोखामेळ्याचा अस्सल स्वर विद्रोहाचा होता. त्याच्याभोवती गुंफलेल्या चमत्कारकथा ही पुरोहितवर्गाची कारागिरी असून ती खरवडून काढल्याखेरीज खरा चोखामेळा हाती लागणार नाही. ही दोन्ही विधाने परस्परांची वैरी म्हणून वावरतात. परिसंवादांत ती एकमेकांवर तुटून पडतात आणि प्रबंधांत त्यांना स्वतंत्र प्रकरणे मिळतात. वस्तुतः त्यांचे गोत्र एकच आहे. आख्यायिका ही वाचण्याची गोष्ट आहे, हे दोघांनाही मान्य नाही. एकाला ती दाखला म्हणून हवी आहे, तर दुसऱ्याला ती खोटा दस्तऐवज म्हणून फेटाळायची आहे. संहितेपाशी थांबण्याचे श्रम दोघांनीही टाळलेले आहेत. या टाळाटाळीने जे नुकसान झाले ते केवळ अभ्यासाचे नाही. चोखामेळा, सोयराबाई आणि कर्ममेळा यांनी जे प्रश्न विचारले ते त्यामुळे अनुत्तरितच काय, अनुच्चारितही राहिले आहेत.

१

पहिल्या विधानाची आधुनिक वंशावळ स्पष्ट आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठी सत्तेच्या उदयाविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात संतांवरील प्रकरणाला त्यांनी मध्यवर्ती स्थान दिले. युरोपातील धर्मसुधारणेशी महाराष्ट्रातील संतचळवळीची तुलना करून, मराठी राष्ट्रीयत्वाची पूर्वतयारी संतांनी केली असा सिद्धान्त त्यांनी मांडला. या मांडणीत चोखामेळ्याची कथा येते. देवळात का गेलास असे विचारले असता, आपण स्वेच्छेने गेलो नाही, देवानेच ओढून नेले, असे उत्तर तो देतो. पुढे बैलांना जुंपून त्याला मारण्याची शिक्षा होते आणि बैल जागचे हलत नाहीत. शिक्षा फर्मावणाऱ्या अधिकाऱ्याच्या संदर्भात रानड्यांना बायबलमधील पाँटियस पायलेटची आठवण होते.

ही आठवण सहज झालेली नाही. पायलेटची उपमा आली की चोखामेळा हुतात्मा होतो, त्याची कथा ही जुलमी सत्तेविरुद्ध श्रद्धेची कथा होते, आणि त्या कथेतला खरा वाद, म्हणजे देवळाच्या उंबरठ्यावर कोणाचा अधिकार हा वाद, मागे सरकतो. बैल हलले नाहीत, इतकेच लक्षात राहते. नियमही हलला नाही, याकडे लक्ष जात नाही. रानड्यांच्या काळी त्यांच्या उद्दिष्टाला ही मांडणी उपकारक होती, हे मान्य करावे लागेल. एका विखुरलेल्या समाजाला त्याच्याच इतिहासातून एकतेची साधने काढून देण्याचा तो प्रयत्न होता. परंतु त्यांच्यानंतरच्या समीक्षेने ती मांडणी प्रमेय म्हणून नव्हे तर निष्कर्ष म्हणून स्वीकारली. शतकभर पाठ्यपुस्तकांतून, प्रस्तावनांतून, गौरवग्रंथांतून अठरापगड जातींच्या संतांची नामावळी म्हणण्यात आली, आणि ती नामावळी हीच समतेची सिद्धता ठरली. नावे मोजणे म्हणजे संबंध तपासणे नव्हे, हा साधा विवेक या परंपरेत सुटला.

या सिद्धतेला एक वस्तुस्थिती आडवी येते. चोखामेळ्याची समाधी महाद्वारासमोर आहे, हे खरे. पण ती महाद्वाराच्या बाहेर आहे, हेही तितकेच खरे. नामदेवाची पायरी देवळाची आहे, तर चोखामेळ्याची समाधी रस्त्याची आहे. १९४७ पर्यंत अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्याची वारी त्या समाधीपाशीच संपत असे. जे स्मारक समावेशाचे चिन्ह म्हणून दाखविले जाते तेच सहाशे वर्षे हद्दीचा दगड म्हणून वापरले गेले. साने गुरुजींना मे १९४७ मध्ये दहा दिवसांचे उपोषण करावे लागले, त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला, तेव्हा ती हद्द ओलांडता आली. समता आधीपासून वादातीत होती, असे म्हणणाऱ्याने ते उपोषण कशासाठी होते हे सांगितले पाहिजे.

२

दुसऱ्या विधानाकडे वळण्यापूर्वी कालगणनेचा एक मुद्दा स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण त्याच्या अभावी दोन्ही पक्षांची गफलत होते. परंपरेनुसार चोखामेळ्याचा मृत्यू शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास झाला. ज्या ग्रंथामुळे त्याची आख्यायिका घरोघर पोचली तो महीपतींचा ‘भक्तविजय’ १७६२ मधला. या दोहोंत सव्वाचारशे वर्षांचे अंतर आहे. महीपती ताहराबादचे ब्राह्मण कुलकर्णी. उत्तरेकडील नाभाजींच्या भक्तमालेचे आणि उद्धवचिद्घनांचे ऋण त्यांनी स्वतःच मान्य केले आहे. तेव्हा ‘भक्तविजया’तील चोखामेळा हा चौदाव्या शतकाचा साक्षीदार नव्हे. तो अठराव्या शतकात, पेशवाईच्या काळात, एका भाविक आणि कथनकुशल ब्राह्मण कवीने कीर्तनाच्या श्रोत्यांसमोर उभा केलेला चोखामेळा आहे.

हे कळल्यावर समन्वयवादी समीक्षक गप्प बसतो, आणि विद्रोहवादी समीक्षक हर्षित होतो. दोघांच्याही प्रतिक्रिया चुकीच्या आहेत. आख्यायिका उशिराची आहे म्हणून ती निरर्थक ठरत नाही. ती वेगळ्या गोष्टीचा पुरावा ठरते. चोखामेळ्याच्या बाबतीत समाजाला काय खुपत होते, कोणता सल इतक्या पिढ्यांनंतरही कथनाची मागणी करीत होता, आणि त्या सलाचा उपशम कथेने कोणत्या मार्गाने केला, याचा तो पुरावा आहे. ज्याने पुरावा म्हणून आख्यायिका उचलली त्याने ती कशाचा पुरावा आहे हे विचारले नाही. आणि ज्याने ती टाकून दिली त्याने पुरावाच टाकून दिला.

३

तेव्हा आख्यायिका वाचली पाहिजे. महीपतींच्या कथनाची रूपरेषा सर्वपरिचित आहे. रात्री विठ्ठल स्वतः चोखामेळ्याचा हात धरून त्याला गाभाऱ्यात नेतो. पुजाऱ्यांना ते कळते, आणि चोखामेळ्याला चंद्रभागेच्या पलीकडे जाऊन राहावे लागते. तेथे तो दीपमाळ उभारतो. देव नदी ओलांडून त्याच्याकडे जेवायला जातो. वाढताना पत्नीच्या हातून देवाच्या पीतांबरावर दही सांडते. चोखामेळ्याचे बोलणे वाटेने जाणाऱ्या ब्राह्मणाच्या कानी पडते, आपल्याला हिणविण्यासाठी हे सोंग चालले आहे असे त्याला वाटते आणि तो चोखामेळ्याच्या तोंडात मारतो. मग तो देवळात येऊन पाहतो तो मूर्तीचा गाल सुजलेला आणि पीतांबर दह्याने भरलेला. त्याला पश्चात्ताप होतो.

या कथेशेजारी चोखामेळ्याच्या नावावरचा, बडव्यांच्या माराविषयीचा प्रसिद्ध अभंग ठेवावा. देवाचा हार तुझ्या गळ्यात कसा आला असे म्हणून बडवे मारीत आहेत, आणि चोखामेळा विठ्ठलाला लवकर येण्यासाठी हाक घालीत आहे, असा त्या अभंगाचा आशय. येथे एक फरक आहे आणि तो निर्णायक आहे. अभंगात मार चोखामेळ्याच्या देहावर पडतो. देव येतो की नाही, हे अभंग सांगत नाही. आपल्या बोलण्याचा राग मानू नये, अशी विनवणी करून तो संपतो. अभंगात धावा आहे, पण धाव नाही. महीपतींच्या आख्यानात मार देवाच्या गालावर उमटतो. हाकेला उत्तर मिळते. मारणाऱ्याला चूक कळते. कथा पूर्ण होते. अभंगाने जी जखम उघडी ठेवली ती आख्यानाने बांधून टाकली आहे.

हा केवळ वाङ्मयप्रकाराचा भेद नाही, पण वाङ्मयप्रकाराच्या भेदातूनच तो प्रकट होतो. अभंग संबोधनाचा प्रकार आहे. त्यात बोलणारा एका विशिष्ट क्षणी, निकाल हाती नसताना बोलतो. आख्यान तृतीयपुरुषी आहे. निवेदकाला शेवट आधीच ठाऊक असतो आणि श्रोत्याला तो हवा असतो. संबोधनाचे रूपांतर आख्यानात होते तेव्हा प्रश्नाचे रूपांतर प्रसंगात होते, आणि प्रसंगाला शेवट असतोच. चोखामेळ्याचा अभंग ऐकून श्रोत्याला अस्वस्थ घरी जावे लागते, तर महीपतींचे आख्यान ऐकून तो समाधानाने जातो. समन्वयवादी समीक्षेने हे समाधानच अभंगावर चढविले आणि अभंगाचा आशय म्हणून शिकविले. विठ्ठल धावून आला, असे पदव्युत्तर वर्गात सहज सांगितले जाते. तो कोणत्या संहितेत धावून आला, हा प्रश्न विचारला जात नाही.

४

परंतु आख्यायिकेने जखम केवळ झाकली, असे म्हणून थांबणे हेही अर्धवट वाचन ठरेल. येथे तुलना उपयोगी पडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला ग्रंथ १९४८ मध्ये ज्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला ते म्हणजे नंदनार, रविदास आणि चोखामेळा. या तिघांच्या आख्यायिका एकत्र ठेवल्या की त्यांची रचना उलगडू लागते.

तमिळ शैव परंपरेतील नंदनाराची कथा शेक्किळाराच्या बाराव्या शतकातील ‘पेरियपुराणा’त येते. तिरुप्पुंगूरला दर्शनाआड येणारा नंदी शिवाच्या आज्ञेने बाजूला सरकतो, आणि नंदनार बाहेरूनच देव पाहतो. चिदंबरमला मात्र त्याला आत जायचे आहे, आणि त्यासाठी अग्नीतून जावे लागते. अग्नीतून तो बाहेर येतो तो यज्ञोपवीत धारण केलेल्या ब्राह्मण मुनीच्या रूपात. रविदासाच्या कथेत, प्रियादासाने १७१२ मध्ये भक्तमालेवर लिहिलेल्या टीकेनुसार, तो पूर्वजन्मीचा ब्राह्मण असतो आणि आपली त्वचा बाजूला सारून आतले सोन्याचे जानवे दाखवितो. एकाच्या देहाचे शुद्धीकरण होते, तर दुसऱ्याच्या देहाखाली शुद्ध देह आधीपासूनच असतो. दोन्ही कथांत मान मिळतो तो अस्पृश्याला नव्हे. तो अस्पृश्य नव्हताच किंवा आता उरला नाही, अशी व्यवस्था केल्यानंतर तो मिळतो.

चोखामेळ्याच्या पंढरपूरच्या कथाचक्रात असे होत नाही, आणि मराठी समीक्षेने ज्याची नोंद प्रथम घ्यायला हवी होती ते वैशिष्ट्य हेच. चोखामेळ्याच्या देहात काहीच बदलत नाही. त्याच्या छातीत जानवे निघत नाही. त्याला अग्नीतून जावे लागत नाही. या कथेत बदलतो तो देव. त्याचा गाल सुजतो, त्याचे वस्त्र विटाळते, तो मेलेली गुरे ओढू लागतो, तो सोयराबाईच्या बाळंतपणात नणंद होऊन येतो. विटाळाची जी जी स्थाने धर्मशास्त्राने सांगितली, म्हणजे मृत पशू, प्रसूती, सहभोजन, त्या प्रत्येक स्थानी आख्यायिका देवालाच नेऊन उभे करते. ज्या समाजात स्पर्शाने माणूस बाटतो त्या समाजाला ही कथा सांगते की देव बाटला आहे आणि तरीही तुम्ही त्याची पूजा करीत आहात. ही साधी भक्तीची गोष्ट नव्हे. विटाळाच्या कल्पनेलाच दिलेली ती एक विलक्षण आणि धोकादायक कबुली आहे.

अर्थात, या कथाचक्रातही शुद्धीकरणाचा मोह अगदीच अनुपस्थित नाही. जन्मकथेत तो डोकावतो. बेदरच्या बादशहाकडे आंबे घेऊन चाललेल्या महार स्त्रीकडे ब्राह्मणवेषातला देव एक आंबा मागतो, चोखून परत देतो, आणि त्या आंब्याचेच बालक होते, अशी ती कथा सांगितली जाते. गर्भवासाविना जन्म देऊन कथा चोखामेळ्याला कुळापासून अलग करू पाहते. पण तेथेही ती अडखळते. कारण ज्यापासून तो जन्मला तो आंबा उष्टा आहे. उष्टे खाणे ही ज्यांच्यावर लादलेली वहिवाट, त्यांचा संत देवाच्या उष्ट्यातून जन्मावा, यात नकळत जो उपरोध आहे तो कोणत्याही सिद्धान्तापेक्षा बोलका आहे. या गुंतागुंतीला लबाडी हा शब्द पुरत नाही.

५

विद्रोहवादी वाचनाचा दोष येथे स्पष्ट होतो. या वाचनाचा हेतू आदरणीय आहे. एका शोषित समूहाच्या कवीला त्याचा आवाज परत मिळवून देण्याचा तो प्रयत्न आहे. परंतु हेतू आदरणीय असला म्हणून पद्धती निर्दोष ठरत नाही. चोखामेळ्याच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. त्यांत विटाळावाचून कोणाचाही देह जन्मत नाही, मग शुद्ध कोण, असे विचारणारा अभंग आहे. उसाच्या प्रतिमेने बाह्यरूप आणि अंतरंग यांचा भेद सांगणारा अभंग आहे. आणि त्याचबरोबर, पूर्वजन्मी कृष्णाची निंदा घडली म्हणून या कुळात जन्म आला, अशा आशयाचा अभंगही आहे. पहिला अभंग अस्सल आणि तिसरा प्रक्षिप्त, असा निवाडा जेव्हा दिला जातो तेव्हा त्यामागे हस्तलिखितांचा साक्षेपी विचार असतो काय? बहुधा नसतो. हवा तो चोखामेळा आधी ठरविलेला असतो, आणि त्याच्या मापाने अभंग बेतले जातात. समन्वयवाद्याने नेमके हेच उलट दिशेने केले आहे. त्याला पूर्वकर्माचा अभंग नम्रतेचा वाटतो आणि विटाळाचा अभंग क्षणिक उद्वेगाचा.

दोन परस्परविरोधी अभंग एकाच माणसाच्या तोंडी असू शकतात, इतकेच नव्हे तर जिथे जन्मच गुन्हा ठरविला गेला आहे तिथे ते असणारच, ही शक्यता दोन्ही पक्षांना अडचणीची वाटते. जो नियम माणसाला बाहेर ठेवतो त्याच नियमाच्या भाषेत त्याला स्वतःचे दुःख समजावून घ्यावे लागते, कारण दुसरी भाषा उपलब्ध नसते. आणि ते समजावून घेताना त्या भाषेचा एखादा सांधा निखळतो. चोखामेळ्याची कविता त्या निखळण्याची कविता आहे. तिच्यातला पूर्वकर्माचा अभंग काढून टाकला तर विटाळाच्या अभंगामागची किंमतही नाहीशी होते. मग तो प्रश्न कोणीही सुखवस्तू सुधारक विचारू शकला असता असा होतो.

याला असा आक्षेप घेतला जाईल की, शरणागतीला गुंतागुंतीचे नाव देऊन तिची प्रतिष्ठा वाढविण्याचा हा प्रकार आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर आंबेडकरी साहित्यविचाराने चोखामेळ्याकडे पाठ फिरविली ती शरणागतीचा वारसा नको म्हणून, आणि त्या पाठ फिरविण्यात स्वाभिमानाची एक निर्विवाद कृती होती. हा आक्षेप गंभीर आहे. पण त्याचे उत्तर आंबेडकरांच्याच लेखनात आहे. ‘जातिनिर्मूलना’च्या १९३७ च्या आवृत्तीत महात्मा गांधींना उत्तर देताना त्यांनी संतांविषयी जो मुद्दा मांडला तो साहित्यसमीक्षेने पुरेशा गांभीर्याने घेतलेला नाही. संतांनी देवापुढे सर्व समान असे सांगितले; माणसामाणसांतील समतेसाठी त्यांनी लढा दिला नाही, हा त्या मुद्द्याचा पहिला भाग बहुधा सांगितला जातो. दुसरा भाग त्याहून मर्मग्राही आहे. संताने जात मोडली तर चालते, सामान्य माणसाने मोडता कामा नये, अशी समजूत रूढ झाली, आणि त्यामुळे संत हा वंदनाचा विषय झाला, अनुकरणाचा झाला नाही.

ही समाजशास्त्रीय टीका आहेच. पण ती आख्यायिकेच्या रचनेची सर्वांत अचूक मीमांसाही आहे. चमत्काराचे व्याकरण अपवादाचे असते. देव चोखामेळ्याचा हात धरतो. चोखामेळ्याच्या वस्तीतील दुसऱ्या कोणाचा धरत नाही. ब्राह्मणाला पश्चात्ताप होतो तो चोखामेळ्याला मारल्याचा. महाराला मारल्याचा होतो, असे कथा म्हणत नाही. अपवादाने नियम मोडत नाही, उलट नियमाला आपली उदारता मिरविण्याची संधी मिळते. आंबेडकरांनी हे ओळखले, आणि तरीही अकरा वर्षांनी आपला ग्रंथ ज्या स्मृतीस अर्पण केला तिच्यात चोखामेळा आहे. जी परंपरा त्यांनी नाकारली तिच्यातील माणूस त्यांनी नाकारला नाही. टीका आणि अर्पण या दोन कृतींत विसंगती पाहणाऱ्यांनी दोहोंपैकी एकच वाचली आहे.

६

आख्यायिकेच्या या दुहेरी स्वरूपाची परीक्षा तिच्या शेवटात होते. नंदनारासाठी नंदी सरकला. उडुपीला कनकदासासाठी कृष्णाची मूर्ती वळली, अशी कर्नाटकाची श्रद्धा आहे, आणि ज्या झरोक्यातून दर्शन झाले तो आजही दाखविला जातो. चोखामेळ्यासाठी विठ्ठल नदी ओलांडून गेला. तिन्ही ठिकाणी देव हलतो, दगड हलतो. भिंत मात्र जागची हलत नाही. चोखामेळ्याच्या साऱ्या कथाचक्रात एकच भिंत पडते, आणि ती पंढरपूरच्या देवळाची नाही. ती मंगळवेढ्याच्या गावकुसाची आहे. ती बांधण्याच्या कामावर महारांना लावलेले होते, आणि ती त्यांच्याच अंगावर कोसळली. गावकुसाबाहेर राहणारी माणसे गावकूस बांधताना त्याखाली गाडली गेली.

येथे आख्यायिका पुन्हा आपले काम करते. ढिगाऱ्यातल्या अस्थींतून चोखामेळ्याच्या अस्थी निवडण्यासाठी नामदेव जातात. ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनी येतो ती चोखामेळ्याची, अशी खूण ठरते. ती पंढरपूरला आणून महाद्वारासमोर पुरली जातात. कीर्तनात हा प्रसंग डोळ्यांत पाणी आणतो, आणि ते यथार्थ आहे. परंतु समीक्षकाने एक प्रश्न विचारला पाहिजे. त्या ढिगाऱ्यात ज्या हाडांतून आवाज आला नाही ती कोणाची होती? आख्यायिका त्यांच्याविषयी बोलत नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षाही नाही. समीक्षेकडून मात्र ती आहे. अपवाद निवडून घेणे हे आख्यायिकेचे काम. निवडीत जे मागे राहिले त्याची नोंद ठेवणे हे समीक्षेचे काम. रानड्यांपासून चालत आलेल्या समीक्षेने आख्यायिकेचे काम पुन्हा केले, आपले केले नाही.

मागे राहिलेल्यांची नोंद करण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. चोखामेळ्याच्या घरातच ती सामग्री आहे. त्याची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा या सर्वांच्या नावावर अभंग आहेत. सोयराबाईने विटाळाविषयी जे विचारले ते स्त्रीच्या देहाच्या अनुभवातून विचारले असल्याने चोखामेळ्याच्या प्रश्नापेक्षा एक पायरी खोल जाते. आणि कर्ममेळ्याचे अभंग तर थेट अभियोगाचे आहेत. आम्हाला हीन जातीत घालून, उष्ट्यावर जगवून तुला लाज कशी वाटत नाही, असा त्यांचा रोख आहे. ज्याच्या जन्मवेळी देव स्वतः सुईण होऊन आला असे आख्यायिका सांगते त्या मुलाने मोठेपणी देवाला विचारलेला हा प्रश्न आहे. आख्यायिकेला जन्माचा प्रसंग आठवतो. तिला हा प्रश्न आठवत नाही. समन्वयवादी समीक्षेने जन्मकथा उद्धृत केली आणि प्रश्न गाळला. विद्रोहवादी समीक्षेने प्रश्न उद्धृत केला आणि जन्मकथा भाकड म्हणून टाकली. दोन्ही एकत्र ठेवल्यावाचून प्रश्नाची धार कळत नाही, कारण देवाच्या हातून जन्मलेल्यानेच तो विचारलेला आहे.

अलीकडच्या अभ्यासात या दिशेने काही पावले पडली आहेत. एलिनॉर झेलियट आणि रोहिणी मोकाशी-पुणेकर यांनी २००५ मध्ये अस्पृश्य संतांवरील जो लेखसंग्रह संपादित केला त्यात चोखामेळ्याचे कुटुंब, नंदनार आणि रविदास एकत्र आले आहेत. मात्र तो संग्रह इंग्रजीत आहे. ज्या भाषेत हे अभंग रचले, गायले आणि आळविले गेले त्या भाषेतील विद्यापीठीय समीक्षा अजूनही चोखामेळ्याच्या नावाने समता सिद्ध करण्यात किंवा विद्रोह सिद्ध करण्यात गुंतली असेल, तर ती तिची वैचारिक निष्ठा नसून आळस आहे. देवळाचा दरवाजा १९४७ मध्ये उघडला. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने संपले. ही दोन्ही कामे उपोषणाने, कायद्याने आणि न्यायालयाने केली. आख्यायिकेने ती केली नाहीत, आणि तिच्यावर भाष्य करणाऱ्यांनीही केली नाहीत.

म्हणून आख्यायिकेचा गौरव करणाऱ्याने तिच्यातला सुजलेला गाल पाहावा. तो समतेचा दाखला नसून हिंसेची नोंद आहे. आणि आख्यायिकेला झिडकारणाऱ्यानेही तोच गाल पाहावा. विटाळाच्या शास्त्रावर त्याहून तिखट भाष्य चौदाव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंतच्या मराठीत क्वचित सापडेल. समाधी महाद्वारासमोर आहे. तिच्यापासून दारापर्यंतचे अंतर थोड्या पावलांचे आहे. ते पार करायला सहा शतके का लागली, याचे उत्तर देण्याची जबाबदारी ज्या समीक्षेला घेता येत नाही तिने चोखामेळ्याचे नाव प्रमाण म्हणून उच्चारण्याचे थांबवावे.